स्वतः झिजून लोखंड वाचवणारं जस्त: हम्फ्री डेव्हीची गोष्ट

आमच्या गच्चीवरच्या सोलर पॅनलचा स्टँड गॅल्व्हनाइज्ड. तरी वेल्डिंग केलं तिथेच गंज धरला. कारण शोधता शोधता मी हम्फ्री डेव्हीपर्यंत पोचलो.

१७७८ मध्ये इंग्लंडमधल्या पेन्झन्स गावात जन्मलेल्या या माणसाने १८०७ मध्ये विजेच्या मदतीने पोटॅशियम आणि सोडियम पहिल्यांदा वेगळे केले, १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवला. मग ब्रिटिश नौदलाचा प्रश्न आला: जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा समुद्रात झिजतो, काय करायचं?

डेव्हीने १८२४ मध्ये पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. पण विरघळणारं तांबंच शंखशिंपल्यांना दूर ठेवत होतं! आता ते तळाला चिकटले, जहाजं मंदावली, नौदलाने उपाय सोडून दिला. १८२९ मध्ये, अवघ्या पन्नाशीत, डेव्ही जिनिव्हात वारला.

तत्त्व मात्र टिकलं. हॉट डिपमध्ये लोखंड सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. दोन्ही धातू जोडावर एकजीव होतात. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं. वेल्डिंगच्या उष्णतेने मात्र तिथला थर जळून जातो. तिथे झिंक-रिच पेंट लागतो. त्यातले जस्ताचे कण एकमेकांना आणि लोखंडाला टेकले, तरच डेव्हीची युक्ती चालते. गंजावरून मारलेला पेंट म्हणजे पैसे पाण्यात.

मी तेच केलं होतं. या रविवारी जोड चकचकीत घासून मगच ब्रश हातात घेतला.