श्रमिकांची माउली : मदर कॅब्रिनी

इटलीतील लोम्बार्डी प्रांतात १८५० साली जन्मलेल्या फ्रान्सिस्का कॅब्रिनी प्रकृतीने नाजूक होत्या. चीनमध्ये सेवाकार्य करण्याची त्यांची मनीषा होती. परंतु पोप तेरावे लिओ यांच्या आज्ञेवरून १८८९ मध्ये ही ख्रिस्ती साध्वी न्यूयॉर्कला गेली. तेथे हजारो स्थलांतरित इटालियन मजूर अंगमेहनतीची कामे करीत. कामावर हातपाय मोडला, तर ना विमा, ना गाठीस पैसा. रुग्णालयातील भाषाही परकी! अशा श्रमिकांसाठी १८९२ मध्ये भाड्याच्या घरांत, अवघ्या दहा खाटांवर, कोलंबस रुग्णालय सुरू झाले. गाद्या साध्वींनी स्वहस्ते शिवल्या. डॉक्टरांनी आपली विद्या विनामूल्य अर्पण केली, म्हणूनच निर्धनालाही शस्त्रक्रिया लाभू शकली.

मदर व्यवहारातही दक्ष होत्या. शिकागोत रुग्णालयासाठी हॉटेल खरेदी करताना त्यांनी साध्वींकरवी भल्या पहाटे दोरीने जागा मोजून घेतली आणि विक्रेत्यांनी मापात मारलेले काही फूट उघडकीस आणले, असे चरित्रकार सांगतात. दानाच्या पैशाला अशीच राखण हवी! १९०५ मध्ये सुरू झालेल्या त्याच रुग्णालयात २२ डिसेंबर १९१७ रोजी त्यांचे देहावसान झाले. तोवर त्यांनी ६७ संस्था उभ्या केल्या होत्या.