सरस्वतीबाई फाळके

भारतातला पहिला मोठा चित्रपट दादासाहेब फाळके यांनी काढला, हे आपण सामान्यज्ञानात पाठ केले आहे. पण त्यांच्याबरोबर रात्रंदिवस कोण राबत होते, हे मला बी माहीत नव्हते. त्यांचे नाव सरस्वतीबाई फाळके.

सरस्वतीबाईंचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर. १९०२ साली त्यांचे दादासाहेबांशी लग्न झाले आणि सासरी त्या सरस्वती झाल्या. पुढे दादासाहेबांनी मुंबईला गिरगावात तंबूतला सिनेमा पाहिला. दुसऱ्या दिवशी ते सरस्वतीबाईंना बी घेऊन गेले. पडद्यावर येशू ख्रिस्ताची गोष्ट चालू होती. ती बघून दादासाहेबांनी ठरवले की आपल्या रामकृष्णाचे सिनेमे आपणच काढायचे. सगळे लोक त्यांना वेड लागले म्हणू लागले. सरस्वतीबाई मात्र पाठीशी उभ्या राहिल्या.

१९१२ साली दादासाहेब लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. आधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावला. कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला आणि रोज थोडे थोडे चित्र घेतले. महिनाभर असे केले. मग ती फिल्म पडद्यावर चालवली तर वाटाणा भराभर उगवला आणि वेल वर चढला! आपले सोयाबीन उगवताना कितीही वेळ बांधावर बसून बघितले तरी हलताना दिसत नाही. मी बघितले आहे. ती फिल्म बघून लोकांनी कर्ज दिले. तरी पैसे पुरले नाहीत, मग सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले आणि ते गहाण ठेवले. मागच्या वर्षी पेरणीला माझ्या आईच्या पाटल्या बी गहाण होत्या. दिवाळीला सोयाबीन विकले तेव्हा सुटल्या. तोपर्यंत आई लग्नाला गेली की हात पदराखाली ठेवायची. म्हणून मला हे वाचून लई वाईट वाटले.

मग 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटाचे काम सुरू झाले. मुंबईत दादरला राहत्या घरीच सगळे चालायचे. परदेशातून फिल्म यायची ती कोरी यायची. तिच्या कडेला भोके नसायची. भोके नसली तर फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकत नाही. म्हणून सरस्वतीबाई रात्री अंधाऱ्या खोलीत बसून यंत्राने भोके पाडायच्या. कॅमेऱ्यात फिल्म भरणे, औषधे मिसळून फिल्म धुणे, तुकडे जोडणे हे सगळे त्या शिकल्या. दिवसा नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहायच्या. तेव्हा आतासारखे मोठे दिवे नव्हते. शिवाय ६०-७० माणसांचा स्वयंपाक त्याच करायच्या, असे सांगतात. लेकरेबाळे होतीच.

तारामतीचे काम करायला बाई मिळेना. सिनेमात काम करणे तेव्हा वाईट समजत. दादासाहेबांनी सरस्वतीबाईंना विचारले. त्या नाही म्हणाल्या. मी तिकडे उभी राहिले तर इकडची कामे कोण करणार, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके साडी नेसून तारामती झाले. सरस्वतीबाईंचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात हा चित्रपट लागला आणि लोकांनी गर्दी केली.

हा चित्रपट सुमारे ३,७०० फूट लांब होता. एका फुटात १६ चित्रे असतात. एका चित्राला दोन्ही बाजूंनी मिळून ८ भोके. मी पाटीवर गुणाकार केला, दोनदा चुकला. उत्तर आले ४ लाख ७३ हजार ६०० भोके. हे एकाच फिल्मचे झाले.

पुढे फाळके कुटुंब नाशिकला गेले. तिथे १९१५ साली दादासाहेबांनी 'आगकाड्यांची मौज' नावाची फिल्म केली. त्यात आगकाड्या आपोआप हलतात. काडी जराशी सरकवायची, चित्र घ्यायचे, परत सरकवायची. आपण कार्टून बघतो ते बी असेच एकेक चित्र जोडून होते. १९१९ च्या 'कालिया मर्दन' चित्रपटात त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. ती तेव्हा आपल्यापेक्षा लहान होती.

नंतर बोलके चित्रपट आले आणि दादासाहेबांचे दिवस फिरले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. १९६९ पासून सरकार त्यांच्या नावाने मोठा पुरस्कार देते. २००९ साली 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' नावाचा मराठी चित्रपट निघाला, त्यात सरस्वतीबाई आहेत. तो जरूर बघा.

वर दादासाहेबांचा फोटो चिकटवला आहे. सरस्वतीबाईंचा मला मिळाला नाही. म्हणून काळ्या कागदाची फिल्म करून खाली लावली आहे. त्यात चार चित्रे आहेत आणि भोके ३२. भोके मी कंपासच्या टोकाने पाडली. एका ठिकाणी कागद फाटला, तिथे डिंक लावला आहे. पाहुण्यांनी हात लावू नये.

इयत्ता चौथी, जि. प. प्राथमिक शाळा, ता. कळमनुरी