डॉ. भाऊ दाजी लाड आणि भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय

मुलांना राणीच्या बागेत नेले नाही असे आपल्या उपनगरांतील घर क्वचितच सापडेल. मुलुंड-घाटकोपरची मंडळी थेट भायखळ्यास उतरतात, अंधेरी-बोरिवलीची दादरला गाडी बदलतात. वाघ, माकडे व पक्षी पाहून झाले की मुले दमतात, वडीलमंडळी घड्याळाकडे पाहू लागतात आणि बागेच्या दारालगतची ती देखणी इमारत बाहेरूनच पाहून सारे परत फिरतात. तिच्यावर डॉ. भाऊ दाजी लाड असे नाव आहे. हे भाऊ दाजी कोण, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने केल्यास त्यास समाधानकारक उत्तर देणारे आपल्यात किती निघतील याची आम्हांस शंका वाटते. आपल्या सारस्वत समाजाच्या स्मरणिकेत तरी या थोर पुरुषाचा परिचय यावा, एवढ्याच हेतूने हा अल्प लेख सादर करीत आहोत.

भाऊंचे पाळण्यातील नाव रामकृष्ण किंवा रामचंद्र, वडिलांचे विठ्ठल. 'भाऊ' हे घरातील हाकेचे नाव, आणि 'दाजी' हे वडिलांचे. जगाने मात्र हीच घरगुती नावे स्वीकारली. त्यांचा जन्म १८२२ साली गोव्यातील पेडणे महालात मांद्रे या गावी झाला. घरची स्थिती अगदी बेताची होती. चरितार्थासाठी कुटुंब मुंबईस आले, आणि कोकण-गोव्यातून पोटापाण्याकरिता या शहरात आलेल्या असंख्य घरांप्रमाणे या घरानेही मुलाच्या शिक्षणावर सारी भिस्त ठेवली. लहानपणी भाऊ बुद्धिबळात इतके निष्णात होते की त्या खेळामुळेच मोठमोठ्या अधिकाऱ्यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील शिक्षण पूर्ण होताच तेथेच त्यांना शिक्षकाची जागा मिळाली. याच सुमारास काठेवाड व कच्छ प्रांतांतील बालकन्याहत्येच्या दुष्ट रूढीवर लिहिलेल्या त्यांच्या निबंधास सरकारी पारितोषिक मिळाले.

शिक्षकाची स्थिर नोकरी हाती असता दुसऱ्या कोणी तेवढ्यावरच समाधान मानले असते. परंतु १८४५ साली सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ मुंबईत वैद्यकीय महाविद्यालय उघडले, तेव्हा भाऊ पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसले. प्रेताचे विच्छेदन करणे हा ज्या काळी धर्मभ्रष्टतेचा प्रकार समजला जाई, त्या काळची ही गोष्ट आहे हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून जे पहिले आठ पदवीधर बाहेर पडले त्यांत भाऊ होते. पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झालेले डॉ. आत्माराम पांडुरंग हेही त्याच तुकडीतले.

भाऊंनी खाजगी व्यवसाय सुरू केला आणि थोड्याच वर्षांत त्यांची गणना शहरातील अग्रगण्य डॉक्टरांत होऊ लागली. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही वैद्यकीय व्यवसायातच होते. श्रीमंतांकडून मिळालेले धन गरिबांच्या औषधोपचारासाठी वेचावे असा भाऊंचा परिपाठ होता. महारोग्यास समाज दारातही उभा करीत नसे, तेथे भाऊंनी त्या रोगावरील औषध शोधण्यास स्वतःला वाहून घेतले. जुने वैद्यकग्रंथ धुंडाळून त्यांनी अनेक वनस्पती पारखल्या आणि कोकणपट्टीत मिळणाऱ्या कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले. पूर्ण खात्री होण्यापूर्वी औषध जाहीर करणे त्यांना पसंत नव्हते, आणि यामुळे त्यांच्यावर गुप्ततेचा आरोपही झाला. हे काम त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. तथापि याच जातीच्या बियांचे तेल पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर महारोगावर वापरले जात होते, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीची साक्ष देते.

सार्वजनिक कार्यात तर भाऊ सर्वत्र होते. १८५२ साली स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते चिटणीस होते, आणि या देशातील लोकांची गाऱ्हाणी विलायतेच्या पार्लमेंटपुढे मांडण्याच्या कामी त्यांचा मोठा भाग होता. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे ते प्रारंभीचे फेलो. मुलींना शिकविल्याने घरावर संकट येते असे सुशिक्षितही मानीत असता त्यांनी मुलींच्या शाळेचा भार उचलला. १८६९ व १८७१ अशी दोन वेळा त्यांना मुंबईच्या शेरीफपदाचा मान मिळाला.

रात्री रोग्यांची वर्दळ संपली की भाऊंचे दुसरे आयुष्य सुरू होई. नाणी, ताम्रपट, हस्तलिखिते आणि शिलालेखांचे ठसे यांनी त्यांचे घर भरलेले असे. जुनागड येथील खडकावर कोरलेले क्षत्रप रुद्रदामा व गुप्त सम्राट स्कंदगुप्त यांचे लेख, तसेच अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख वाचून त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे निबंध सादर केले. कालिदासाच्या कालाविषयीही त्यांनी संशोधन केले. जुनागडचे भगवानलाल इंद्रजी या तरुणाचे गुण ओळखून त्यांनी त्यास आपल्याजवळ आणले आणि पदरच्या खर्चाने दूरदूरच्या प्रांतांत लेख उतरवून घेण्यास पाठविले. हेच पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी म्हणून विद्वन्मान्य झाले. बोरिवलीची कान्हेरी वा अंधेरीची महाकाली लेणी पाहताना भिंतीवरील ब्राह्मी अक्षरांपुढे आपण गोंधळून उभे राहतो. अशी अक्षरे बोलती करण्याच्या विद्येत ज्या एतद्देशीयांनी प्रथम पाऊल टाकले, त्यांत भाऊंचे स्थान फार वरचे आहे.

आता त्या इमारतीकडे वळू. १८५५ सालच्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने मुंबईत या देशातील उत्पन्ने व कारागिरीचे नमुने जमविण्यात आले होते आणि त्यांतून कोटातील बराकीत एक लहानसे संग्रहालय उभे राहिले. १८५७ च्या धामधुमीत लष्करास ती जागा हवी झाली. वस्तू अक्षरशः बाहेर टाकल्या गेल्या व त्यांची मोठी नासाडी झाली. एखाद्या शहराने तेथेच हा नाद सोडून दिला असता. परंतु दुसऱ्याच वर्षी लोकांच्या वर्गणीतून नवे संग्रहालय बांधण्याचा विचार पुढे आला. या कामी नाना शंकरशेट, डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि भाऊ दाजी यांनी अविश्रांत खटपट केली. डेव्हिड ससून, सर जमशेटजी जीजीभाई प्रभृती दानशूरांनी थैल्या मोकळ्या केल्या. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते कोनशिला बसली.

पुढे मात्र मोठे संकट ओढवले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली ते युद्ध संपताच शेअरांचा फुगा फुटला आणि कालचे लक्षाधीश रस्त्यावर आले. वर्गण्या आटल्या, इमारतीचे काम रखडले. त्याच वर्षी नाना शंकरशेट दिवंगत झाले. खुद्द भाऊंचेही सर्वस्व या सट्ट्यात बुडाले. इतका विवेकी पुरुष त्या लाटेत सापडला ही गोष्ट चरित्रकाराने झाकून ठेवण्याचे कारण नाही. मनुष्य मोठा म्हणून तो काळाच्या बाहेर असतो असे नव्हे. विशेष हे की, संपत्ती गेल्यावरही त्यांनी रोगी, शाळा वा संशोधन यांपैकी काहीही सोडले नाही. अखेर सरकारच्या साह्याने इमारत पुरी झाली आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांस खुले झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, अर्धांगवायूने जर्जर झालेल्या भाऊंनी मे १८७४ मध्ये देह ठेवला. त्या वेळी त्यांचे पंडित भगवानलाल नेपाळच्या प्रवासात होते.

शंभरांहून अधिक वर्षे या वास्तूवर राणी व्हिक्टोरिया आणि तिचे पती आल्बर्ट यांचेच नाव होते. १ नोव्हेंबर १९७५ रोजी ते बदलून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. पुढे इमारत जीर्ण झाली, तेव्हा महानगरपालिका, इंटॅक व जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला. त्या कामास २००५ साली युनेस्कोचे पारितोषिक लाभले व २००८ च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा खुले झाले.

आत गेल्यावर प्रथम दृष्टीस पडतात ते ओतीव लोखंडाचे उंच खांब, सोनेरी वेलबुट्टी आणि पायांखालच्या रंगीत फरशा. मुंबईचे जुने नकाशे, हस्तिदंती व बिदरी काम, आणि निरनिराळ्या जातिजमातींच्या पोशाखांतील मातीच्या प्रतिमा मुलांना आवर्जून दाखवाव्यात. आपले पणजोबा कोणत्या मुंबईत उतरले हे त्यांना शंभर पानांच्या पुस्तकापेक्षा तेथे लवकर कळेल. बाहेरच्या बाजूस घारापुरीचा प्रसिद्ध दगडी हत्ती उभा आहे. तो विलायतेस नेण्याच्या प्रयत्नात भंगला आणि पुढे तुकडे जुळवून येथे उभा केला गेला. बुधवारी संग्रहालय बंद असते, हे निघण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

भाऊ आपल्या ज्ञातीचे होते याचा अभिमान आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या अभिमानाबरोबर एक जबाबदारीही येते. त्यांच्याबरोबर खपणाऱ्यांत दैवज्ञ होते, पारशी होते, ज्यू होते, इंग्रजही होते. त्यांच्या दवाखान्यात रोग्याची जात विचारली जात नव्हती आणि भगवानलालांना जवळ करताना त्यांनी ज्ञाती पाहिली नाही, गुण पाहिले. केवळ आमचा म्हणून त्यांची तसबीर भिंतीवर लावून आपण थांबलो, तर त्यांच्या मोठेपणाचा आपण संकोचच केला असे होईल. आपले मंडळ गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, होतकरूंना साह्य करते. त्यात ज्ञातीबाहेरच्या एखाद्या गरजू मुलासही जागा मिळाली तर भाऊंचे स्मरण अधिक सार्थ होईल, असे आम्हांस नम्रपणे सुचवावेसे वाटते.

पुढील सुट्टीत राणीच्या बागेत जाणाऱ्या कुटुंबांनी प्राणी पाहण्यापूर्वी, मुले ताजीतवानी असतानाच, प्रथम त्या इमारतीत पाऊल टाकावे. दारावरचे नाव मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि ते कोणाचे, हे त्यांना तेथेच सांगावे.