पदवीच्या तीन वर्षांसाठी झगडलेले अर्थशास्त्रज्ञ : आल्फ्रेड मार्शल

नवी दिल्ली : बारावीच्या क्रमिक पुस्तकात अर्थशास्त्राची कल्याणप्रधान व्याख्या, मागणीची लवचिकता आणि उपभोक्त्याचे संतोषाधिक्य या संकल्पना शिकताना आल्फ्रेड मार्शल हे नाव विद्यार्थ्यांच्या ओळखीचे होते. परीक्षा संपली की ते बहुधा विस्मरणातही जाते. मात्र अर्थशास्त्र हा पदवीच्या संपूर्ण अभ्यासक्रमाचा विषय व्हावा, यासाठी या इंग्रज प्राध्यापकाने आयुष्याची अनेक वर्षे वेचली, हे फारसे सांगितले जात नाही. केंब्रिज विद्यापीठात १९०३ मध्ये स्थापन झालेला अर्थशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम हे त्यांच्या ग्रंथांइतकेच महत्त्वाचे कार्य मानावे लागेल.

मार्शल यांचा जन्म २६ जुलै १८४२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील बँक ऑफ इंग्लंडमध्ये नोकरीस होते. स्वभावाने ते करारी आणि कर्मठ धार्मिक वृत्तीचे होते. मुलाने ऑक्सफर्डला जाऊन ग्रीक-लॅटिनचे शिक्षण घ्यावे आणि धर्मोपदेशक व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. आल्फ्रेडचा ओढा मात्र गणिताकडे होता. घरात गणिताच्या पुस्तकांना अटकाव असल्याने ती चोरून वाचावी लागत. ऑक्सफर्डची चालून आलेली शिष्यवृत्ती नाकारून ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले. त्यासाठी लागणारे पैसे ऑस्ट्रेलियात राहून सधन झालेल्या काकांनी उसने दिले. १८६५ मधील गणिताच्या पदवी परीक्षेत मार्शल दुसरे आले. पहिला क्रमांक पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या लॉर्ड रॅले यांचा होता.

गणितज्ञ म्हणून कारकीर्द घडवण्याचा मार्ग खुला असताना मार्शल तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्राकडे वळले. माणसे दरिद्री का राहतात, दारिद्र्य अटळ आहे काय, या प्रश्नांनी त्यांना ग्रासले होते. सुट्टीच्या दिवसांत ते निरनिराळ्या शहरांतील अत्यंत गरीब वस्त्यांमधून हिंडत आणि तेथील माणसांचे चेहरे निरखीत. पुढे एका दुकानात दिसलेले खंगलेल्या, हताश माणसाचे चित्र त्यांनी विकत घेतले आणि आपल्या खोलीत लावले. निव्वळ तर्कात रमण्याचा मोह झाला की ते चित्र त्यांना आपल्या कामाची आठवण करून देई.

१८७७ मध्ये त्यांनी मेरी पेली यांच्याशी विवाह केला. केंब्रिजच्या न्यूनहॅम या महिला महाविद्यालयातील अगदी पहिल्या पाच विद्यार्थिनींपैकी त्या एक होत्या. तत्कालीन नियमानुसार विवाहित पुरुषाला महाविद्यालयाची फेलोशिप ठेवता येत नसे. त्यामुळे मार्शल यांना केंब्रिज सोडावे लागले आणि ब्रिस्टल येथील नव्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले. तेथे मेरीही शिकवू लागल्या. मात्र त्यांचे वेतन पतीच्या वेतनातून वळते केले जाई. दोघांनी मिळून लिहिलेले उद्योगाच्या अर्थशास्त्रावरील पाठ्यपुस्तक १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मूत्रपिंडाच्या विकाराने मार्शल यांची प्रकृती ढासळली. प्राचार्यपद सोडून इटलीत काही काळ विश्रांती घेतल्यावर त्यांनी १८८३ पासून ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात अध्यापन केले. भारतीय नागरी सेवेसाठी निवडलेले उमेदवारही तेथे त्यांच्या वर्गात असत.

हेन्री फॉसेट यांच्या निधनानंतर १८८४ च्या अखेरीस मार्शल यांची केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राच्या प्राध्यापकपदी निवड झाली. पद मिळाले, तरी विषयाला घर नव्हते. तेव्हा केंब्रिजमध्ये अर्थशास्त्र हे प्रामुख्याने मॉरल सायन्सेस या पदवी अभ्यासक्रमाचा एक तुकडा म्हणून शिकवले जाई. या अभ्यासक्रमात मानसशास्त्र, तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र यांचा भरणा असे. अर्थशास्त्रात रस असलेल्या विद्यार्थ्याला आधी अतिभौतिकीच्या वाटेने जावे लागे आणि ती वाट बहुतेकांना नकोशी वाटे. इतिहासाच्या परीक्षेतही या विषयाला थोडी जागा होती; परंतु तेथे सिद्धान्ताला वाव अपुरा होता. एखाददुसऱ्या प्रश्नपत्रिकेपुरते वाचन करणारे विद्यार्थी येत आणि जात. विषयात खोलवर उतरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहत.

मार्शल यांची तक्रार केवळ प्रतिष्ठेची नव्हती. गिरण्या, रेल्वे, बँका, कामगार संघटना आणि परदेशी व्यापार यांनी व्यापलेले जग समजून घ्यायचे, तर दीर्घ आणि क्रमबद्ध अभ्यास हवा, असे त्यांचे मत होते. अर्धवट शिकलेले अर्थशास्त्र अधिक घातक ठरते. कारण पुस्तकी सूत्र हाताशी आले की माणूस मजुरी, दारिद्र्य किंवा जकात यांवर बेधडक निर्णय देऊ लागतो, ही भीती त्यांच्या विचारांच्या मुळाशी होती. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथाने त्यांचा अधिकार सर्वमान्य झाला. कामगारविषयक शाही आयोगाचे सदस्य म्हणून त्यांनी काम केले. १८९९ मध्ये भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या समितीसमोर त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर साक्ष दिली. अशा प्रत्येक कामातून सुशिक्षित अर्थतज्ज्ञांची उणीव त्यांना अधिक जाणवत गेली.

अखेर १९०२ च्या वसंतात त्यांनी विद्यापीठाच्या सभासदांपुढे स्वतंत्र अभ्यासक्रमाची मागणी करणारे सविस्तर निवेदन ठेवले. जर्मनी आणि अमेरिकेतील विद्यापीठे या विषयात पुढे गेली आहेत, तसेच उद्योग, प्रशासन आणि सार्वजनिक जीवनात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना केंब्रिज काही देऊ शकत नाही, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. मात्र त्यांना हिशेबनीस घडवणारे व्यापारी शिक्षण नको होते. कारखानदार होणाऱ्या तरुणालाही कामगाराच्या बाजूने विचार करता यावा, अशी व्यापक बुद्धी त्यांना अभिप्रेत होती. विरोधही झाला. तीन वर्षे पुरेल इतका आशय या विषयात आहे काय, अशी शंका काहींनी घेतली. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी आटतील, या चिंतेने इतर काही जण अस्वस्थ झाले. समितीच्या चर्चेनंतर जून १९०३ मध्ये अर्थशास्त्र आणि त्याच्याशी संलग्न राज्यशास्त्रीय शाखांच्या ट्रायपॉसला, म्हणजे सन्मान पदवीच्या परीक्षेला, मंजुरी मिळाली. पहिल्या भागाची परीक्षा १९०५ मध्ये, तर दुसऱ्या भागाची १९०६ मध्ये प्रथम घेण्यात आली.

या अभ्यासक्रमाची आखणी आजही लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. पहिल्या भागात अर्थशास्त्राची सर्वसाधारण तत्त्वे होती; पण त्यांच्या जोडीला अलीकडचा आर्थिक व सामान्य इतिहास, ब्रिटनची प्रचलित राज्यघटना आणि निबंधलेखन होते. म्हणजे तत्त्व आणि ते ज्या समाजात लागू करायचे तो समाज, हे दोन्ही विद्यार्थ्याने एकाच वेळी अभ्यासायचे होते. दुसऱ्या भागात प्रगत अर्थशास्त्राच्या दोन बाजू ठेवल्या होत्या : एक प्रामुख्याने वस्तुस्थितीवर भर देणारी आणि दुसरी प्रामुख्याने विश्लेषणावर. राजकीय सिद्धान्त आणि कायद्याचे काही विषय ऐच्छिक होते. पहिल्या भागात पाया आणि दुसऱ्या भागात निवड, असे त्याचे सूत्र होते.

विशेष म्हणजे, स्वतः गणितात अव्वल असूनही मार्शल यांनी या पदवीत गणिताला मध्यवर्ती स्थान दिले नाही. आपल्या ग्रंथातही त्यांनी आकृत्या तळटीपांत आणि समीकरणे परिशिष्टात ठेवली. गणित ही विचारांची लघुलिपी आहे. निष्कर्ष साध्या भाषेत मांडता आला नाही आणि त्याला प्रत्यक्ष जीवनातील उदाहरण देता आले नाही, तर तो टाकून द्यावा, अशी त्यांची शिस्त होती.

कागदावरचा अभ्यासक्रम वर्गात आणण्यासाठी विद्यापीठाकडे पैसा नव्हता. तेव्हा तरुण व्याख्यात्याला वर्षाला १०० पौंड मार्शल स्वतःच्या खिशातून देत. आर्थर पिगू यांची सुरुवात अशाच साहाय्याने झाली. मार्शल यांची व्याख्याने सुसूत्र टिपणे उतरवून घेण्याजोगी नसत. मात्र विद्यार्थ्यांचे निबंध ते लाल शाईने भरून परत करीत. मॅडिंग्ली रोडवरील बेलियल क्रॉफ्ट या घरी विद्यार्थी येत, चहा घेत आणि काखेत पुस्तके घेऊन परतत. १९०५ मध्ये गणिताची पदवी घेतलेला जॉन मेनार्ड केन्स हा तरुण त्यांच्याकडे काही काळ शिकला. त्याने नव्या परीक्षेला बसावे, असा मार्शल यांचा आग्रह होता. केन्स बसले नाहीत. १९०६ मध्ये ते लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये नोकरीस लागले. विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी अर्थतज्ज्ञाकडे अर्थशास्त्राची पदवी नव्हती. मात्र १९०८ मध्ये मार्शल निवृत्त झाल्यानंतर तो केंब्रिजला परतला आणि त्याच पदवीचे विद्यार्थी शिकवू लागला.

या उदार शिक्षकाच्या चरित्राला एक काळी किनार आहे. महिलांना केंब्रिजची पदवी देण्याचा प्रस्ताव १८९० च्या दशकात पुढे आला, तेव्हा मार्शल यांनी त्याला उघड विरोध केला. १८९७ च्या मतदानात तो प्रस्ताव फेटाळला गेला. पत्नीसह लिहिलेले पाठ्यपुस्तकही त्यांनी पुढे बाजूला सारले आणि त्याची जागा स्वतःच्या पुस्तकाला दिली. नव्या अर्थशास्त्र परीक्षेला विद्यार्थिनी बसू शकत होत्या, उत्तीर्णही होऊ शकत होत्या. परंतु त्यांना पदवी मिळत नसे. ज्या पदवीसाठी मार्शल इतके झगडले, तिचे दार अर्ध्या समाजासाठी बंद राहण्यात त्यांचाही वाटा होता.

१३ जुलै १९२४ रोजी मार्शल यांचे केंब्रिज येथे निधन झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह विद्यापीठाला मिळाला आणि त्यातून मार्शल ग्रंथालय उभे राहिले. सत्तरी ओलांडलेल्या मेरी तेथे विनावेतन काम पाहू लागल्या. वयाच्या ऐंशीनंतरही त्या सायकलवरून ग्रंथालयात येत आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना पुस्तके काढून देत. १९४४ मध्ये त्या निवर्तल्या. केंब्रिजने महिलांना पूर्ण पदवी देण्यास सुरुवात केली, ती १९४८ मध्ये.

केंब्रिजच्या या शाळेचे धागे भारतापर्यंत पोहोचले. कोलकाता विद्यापीठातील अर्थशास्त्राच्या मिंटो अध्यासनाचे पहिले प्राध्यापक मनोहर लाल हे मार्शल यांच्याच सेंट जॉन्स महाविद्यालयात शिकले होते. धनंजयराव गाडगीळ यांनीही केंब्रिजमध्ये शिक्षण घेतले. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ मार्शल यांच्या निधनाच्या वर्षीच प्रकाशित झाला आणि १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा त्यांनी हाती घेतली.

आज २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार देशातील पदवी अभ्यासक्रमांची फेरमांडणी होत आहे. मुख्य विषय कोणता, गौण कोणता, गणित किती आणि इतिहास किती, याचा खल अर्थशास्त्र विभागांत सुरू आहे. हेच प्रश्न मार्शल यांच्यापुढेही होते. उत्तर शोधताना त्यांच्या खोलीच्या भिंतीवर एका खंगलेल्या माणसाचे चित्र होते.