जालन्याचे नारायण शेषाद्री

एडिंबरो शहराच्या जॉर्ज स्ट्रीटवर थॉमस चामर्स यांचा ब्राँझचा भव्य पुतळा उभा आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमधील धर्मोपदेशकाच्या नेमणुकीत जमीनदारांचा आणि सरकारचा हात असावा की नसावा, या वादातून १८४३ च्या मे महिन्यात शेकडो धर्मोपदेशक त्या चर्चमधून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्चची स्थापना केली. चामर्स त्यांचे पहिले अध्यक्ष. बिशप नसलेल्या, निवडून दिलेल्या वडीलमंडळींच्या सभेने चालणाऱ्या या प्रेस्बिटेरियन पंथाचा मराठी मुलखाशी फार जवळचा संबंध आला. फुटीची वार्ता मुंबईत पोहोचली तेव्हा डॉ. जॉन विल्सन, रॉबर्ट नेस्बिट आणि मरे मिचेल या तिघाही स्कॉटिश मिशनऱ्यांनी नव्या चर्चची बाजू घेतली. त्यापायी शाळेची नुकतीच उभी राहिलेली इमारतही त्यांना सोडावी लागली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात नेस्बिट यांनी एका ब्राह्मण विद्यार्थ्याला बाप्तिस्मा दिला. त्याचे नाव नारायण शेषाद्री.

नारायण त्या वेळी सज्ञान होता, त्यामुळे त्याच्या निर्णयाला कायद्याची आडकाठी नव्हती. पण त्याच्या पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपतही नेस्बिट यांच्या घरी येऊन राहिला आणि प्रकरण पेटले. श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. चार वर्षांपूर्वी, १८३९ मध्ये, धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाच्या बाबतीत न्यायालयाने त्याच्या इच्छेला मान दिला होता, आणि त्याचा परिणाम म्हणून मिशनच्या शाळेतील पारशी मुले बहुतेक सगळी निघून गेली होती. श्रीपतच्या वेळी मात्र न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी मुलाचे अज्ञान वय लक्षात घेऊन त्याला पित्याच्या हवाली केले. आपल्याला आता मूर्तिपूजा करायला भाग पाडणार का, असे त्या मुलाने न्यायालयातच विचारल्याचे मिशनऱ्यांच्या वृत्तांतांत नमूद आहे. एकाच दिवशी बापाला एक मुलगा परत मिळाला आणि दुसरा कायमचा दुरावल्याचे स्पष्ट झाले.

परत मिळालेल्या मुलाचे तरी घरात स्वागत व्हावे! तसे झाले नाही. श्रीपतचा बाप्तिस्मा झाला नव्हता; पण तो मिशनऱ्याच्या घरी जेवला होता, आणि तेवढे कारण पुरेसे होते. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे यासाठी ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले. मुंबईच्या ब्राह्मणांत तट पडले. बाळशास्त्रींनी शास्त्राधार शोधले, विरोध पत्करला आणि श्रीपतचे प्रायश्चित्त घडवून आणले. त्याबद्दल सनातन्यांचा रोषही त्यांच्या वाट्याला आला. १८४६ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी बाळशास्त्री निवर्तले. मराठी वाचकाला शेषाद्री हे नाव ठाऊक असते ते बहुधा बाळशास्त्रींच्या चरित्रातील या एका प्रकरणापुरतेच, आणि तेही धाकट्या भावामुळे. थोरल्याची पुढची पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षे त्या चरित्रात येण्याचे कारण नव्हते.

नारायणराव मिशनच्या शाळेतच शिकवू लागले. १८५४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. मुंबईत राहून शिकलेल्या वर्गात वादविवाद, व्याख्याने आणि अध्यापन यांत त्यांचे आयुष्य सुखाने गेले असते. त्यांनी निवडला तो निजामाच्या राज्यातील जालना. तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि छावणीच्या आधाराने फ्री चर्चचे छोटे ठाणे सुरू झाले होते. साठच्या दशकाच्या आरंभी नारायणराव तेथे गेले. मनमाडहून जालना, परभणीमार्गे सिकंदराबादेस जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास आली, म्हणजे त्यांच्या हयातीत या मुलखातला सारा प्रवास बैलगाडीचा, घोड्याचा किंवा पायी. आजच्या जिल्ह्यांच्या सीमा तेव्हा नव्हत्या. परतूर तालुका तर १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा होईपर्यंत परभणीतच होता.

त्यांच्याकडे आले ते प्रामुख्याने मांग आणि महार. जन्माने ब्राह्मण असलेला, इंग्रजी शिकलेला माणूस मांगवाड्यात जाऊन बसतो, ही त्या काळात धर्मांतराहूनही अवघड गोष्ट होती. पुण्यात स्कॉटिश मिशनच्याच शाळेत शिकलेले जोतीराव फुले याच सुमारास अस्पृश्यांसाठी शाळा चालवत होते, आणि १८५५ मध्ये त्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला होता. ज्या दुःखाला तिने पुण्यात वाचा फोडली, ते मराठवाड्याच्या गावकुसाबाहेर अधिकच दाट होते.

ख्रिस्ती झालेल्या माणसाचे गावात हाल होत. विहीर बंद, काम बंद. १८५० च्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क राखला होता, पण तो इंग्रजी अमलात. निजामाच्या राज्यात त्याचा उपयोग नव्हता. आणि वारशाने यावे असे मांगांपाशी होते तरी काय? नारायणरावांनी यावर उपाय शोधला तो स्वतंत्र गाव वसवण्याचा. सर सालारजंग हे हैदराबादचे दिवाण असताना निजाम सरकारकडून जालन्याजवळ जमीन मिळाली आणि तेथे बेथेल ही वसाहत उभी राहिली. बायबलमधील याकोबाच्या कथेतले हे नाव. अर्थ देवाचे घर. घरे, शेती, शाळा आणि प्रार्थनामंदिर असे तिचे स्वरूप होते. जमिनीच्या आशेने माणसे धर्म बदलतात, हा आक्षेप अशा वसाहतींवर नेहमीच घेतला गेला. तो अगदी निराधार म्हणता येणार नाही. मात्र ज्याला स्वतःच्या नावाने नांगर धरण्याची मुभा नव्हती, त्याला जमिनीची आशा वाटणे यात गैर काय, हेही आक्षेप घेणाऱ्याने सांगायला हवे.

वसाहतीला पैसा लागे. त्यासाठी आणि मिशनच्या कार्यासाठी नारायणरावांनी स्कॉटलंड आणि अमेरिकेचे प्रवास केले. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या जागतिक परिषदेत ते बोलले. स्वामी विवेकानंदांचे शिकागोचे व्याख्यान व्हायला अजून वीस वर्षे अवकाश होता. डोक्याला पागोटे बांधलेल्या या मराठी धर्मोपदेशकाचे इंग्रजी वक्तृत्व ऐकायला तिकडे गर्दी होई. धर्म सोडला तरी पेहराव सोडण्याची त्यांना गरज वाटली नाही.

अशाच एका प्रवासात, १८९१ मध्ये, समुद्रावर असतानाच त्यांचा अंत झाला. एडिंबरोच्या चौकात चामर्स यांचा पुतळा १८७८ पासूनच उभा होता. जालन्याचे मिशन पुढे स्कॉटलंडहून आलेल्यांनी चालवले. १९२४ मध्ये उत्तर भारतातील प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात त्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या.