संत नामदेव: नरसी ते घुमान, आणि मोबाइलमधला ‘न’

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. जन्म 1270 चा. वडील दामाशेटी, आई गोणाई. घरचा व्यवसाय शिंप्याचा. विठ्ठलभक्तीने ते पंढरपूरचे झाले. गुरू विसोबा खेचर त्यांना भेटले ते याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला, असे परंपरा सांगते.

1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. पुढे नामदेव उत्तरेत गेले आणि पंजाबातील घुमानला दीर्घकाळ राहिले. 1350 मध्ये त्यांनी देह ठेवला. पंढरपूरच्या महाद्वारातील पायरी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

मराठी अभंग देवनागरीत. गुरू ग्रंथसाहिबातील त्यांची 61 पदे गुरुमुखीत. मोबाइलवर इथेच फाटा फुटतो.

संगणकासाठी मजकूर म्हणजे क्रमांकांची माळ, म्हणजेच ‘स्ट्रिंग’. युनिकोडमध्ये देवनागरी ‘न’चा क्रमांक 2344, तर गुरुमुखी ‘न’चा 2600. त्यामुळे नुसती जुळवणी करणाऱ्या प्रोग्रामला दोन्ही लिप्यांतले नामदेव वेगळेच वाटतात.

मोजणीतही एकमत नाही. ‘नामदेव’ची लांबी पायथॉन 6 सांगते, कारण ती काना-मात्रा वेगळ्या मोजते. स्विफ्ट डोळ्यांना दिसणारी 4 अक्षरे मोजते. गो ही भाषा बाइट मोजून 18 सांगते.

उपाय आहे: शोधण्याआधी दोन्ही मजकूर एका लिपीत आणायचे. ते केले नाही, तर देवनागरीत नाव टाइप करणाऱ्या नरसीच्या वाचकाला घुमानकडचे नामदेव सापडणार नाहीत.