दीनाची आई

मुंबईत शिवडीला 'जय वकील' ही विशेष मुलांची शाळा आहे. नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण ते नाव एका आईचं आहे, हे मला इथे रोल्लात राहायला आल्यावर कळलं. माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. तिच्यासाठी शाळा शोधता शोधता त्यांच्यापर्यंत पोचलो.

जय आणि होरमसजी वकील या मुंबईच्या दाम्पत्याची मुलगी दीना. तिलाही डाउन सिंड्रोम होता. या मुलांमध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते, हे जगाला कळलं १९५९ साली, फ्रान्समधल्या संशोधनातून. तोवर आईबापांना कारण कुणी सांगू शकत नव्हतं. मग काय, पूर्वजन्मापासून आईच्या खाण्यापिण्यापर्यंत कशावरही खापर फुटायचं.

दीनाला शिकवायचं कुठे, हा प्रश्न होता. वकील दाम्पत्याने तो १९४४ साली घरातच सोडवला. राहत्या घरी शाळा सुरू केली, तीही फक्त आपल्या लेकीपुरती ठेवली नाही. ज्या काळात अशी मुलं पाहुणे आले की आतल्या खोलीत पाठवली जायची, त्या काळात या बाईंनी घराचं दार उघडं ठेवलं. त्या घरगुती वर्गाची पुढे मोठी संस्था झाली. शिक्षण, थेरपी, कामाचं प्रशिक्षण सगळं आलं. संस्थेने तयार केलेला 'दिशा' अभ्यासक्रम आज महाराष्ट्रातल्या विशेष शाळांमध्ये वापरला जातो.

इथे शारजात सोयी आहेत. दिव्यांगांसाठी काम करणारी 'शारजा सिटी फॉर ह्युमॅनिटेरियन सर्व्हिसेस' १९७९ पासून आहे. तरी खर्च वाढला, बायकोची नोकरी सुटली. त्याहून जड गेलं ते घरच्यांचं, "गावात कुणाला सांगू नकोस, बहिणीचं लग्न व्हायचंय" हे सांगणं. वकीलबाईंनी दीनाला लपवलं असतं, तर ती शाळा झालीच नसती.

म्हणून तिकडच्या आजी-आजोबांना, काका-आत्यांना एकच विनंती. व्हिडिओ कॉलवर "सुधारणा आहे का?" असं आम्हाला विचारू नका. नातीलाच हाक मारा, "आज काय शिकलीस गं?" म्हणून विचारा. तिला उत्तर द्यायला वेळ लागतो. तेवढं थांबा.